ठेपे आणि पाचरी

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे विलायतेस गेलो होतो, तेव्हा पोर्टस्मथची जुनी आरमारी गोदी पाहण्याचा योग आला. नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज तेथे १९२२ सालापासून कोरड्या गोदीत उभे आहे. लोक येतात ते तोफा पाहायला, आणि १८०५ साली ट्रफल्गारच्या लढाईत गोळी लागून नेल्सन जेथे पडला त्या जागेवरची पितळी पाटी पाहायला. ती मीही पाहिली. पण माझा वेळ गेला तो जहाजाच्या खाली. २०२० सालापासून तेथे गोदीच्या तळाशी उतरून जहाजाच्या पोटाखालून चालत जाता येते. डोक्यावर अडीच शतकांहून जुने लाकडी पोट आणि त्याला दोन्ही अंगांनी भिडलेले पोलादी ठेपे. एकंदर १३४ ठेपे आहेत. मी एकेक ठेपा खालून वर न्याहाळीत होतो. मुलगी कंटाळून म्हणाली, “बाबा, चला ना वर. इथे काय आहे बघण्यासारखं?”

तिला उत्तर द्यायचे तर साठ वर्षे मागे जावे लागले असते. ते उत्तर मी तेव्हा दिले नाही, येथे देतो.

देवगडच्या खाली एका खाडीच्या काठी आमचे घर. आजोबांचा एक मचवा होता. कौले, मीठ, नारळ असा माल घेऊन तो मालवणपासून रत्नागिरीपर्यंत जाई. १९६२ च्या पावसाळ्यात तो काठावर ओढला, तेव्हा असे दिसून आले की, मागच्या निम्म्या भागातला तळ कुजला आहे. येथे ज्यांना समुद्राची माहिती नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खारे पाणी लाकडाला फारसे कुजवीत नाही. ते मुरते आणि एका परीने राखण करते. नाश करते ते पावसाचे गोडे पाणी. ते वरून झिरपते, तळात साचते आणि वांकांच्या बेचक्यांत वर्षानुवर्षे बसून राहते. म्हणून लाकडी होडीचा तळ बहुधा आतून जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आत सुरी खुपसली तर मुठीपर्यंत जाते.

पठाण म्हणजे नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणारे तळाचे लांब लाकूड. त्यालाच होडीचा कणा म्हणता येईल. पठाणावर आडवे बसविलेले वांक म्हणजे बरगड्या. आमच्या मचव्याचे पठाण शाबूत होते, पण मागचे आठ-नऊ वांक आणि त्यांखालच्या फळ्या बदलायच्या होत्या. काम बाहेरगावच्या एका सुताराला दिले. देखरेखीला आमचे जुने तांडेल होते. त्यांना आम्ही मुले तांडेलआजा म्हणत असू. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. पण हात शाबूत. सुताराने पहिल्याच दिवशी वाकस उचलून कुजका वांक फोडायला घेतला, तेव्हा तांडेलआजांनी त्याचा हात धरला.

“आधी पाणी कर, मगे तळ काढ.”

सुतार हसला. मीही हसलो. मला वाटले, म्हातारा भ्रमला. मग तांडेलआजांनी माझ्याकडे वळून सांगितले, “बाबा, पाणी होडयेक सगळ्या बाजूंनी धरता. जमीन एका जाग्यार टोचता.”

पाणी करणे म्हणजे काय, ते पुढच्या चार दिवसांत मी पाहिले. प्रथम पठाणाच्या लांबीभर दोरी ताणून ते सरळ आहे याची खात्री केली. पठाणाखाली हातभर अंतराने लाकडी ठोकळे दिले. मग वरच्या काठाला या बाजूपासून त्या बाजूपर्यंत वासे आडवे बांधले, म्हणजे खालचा तळ सुटला तरी कडा फाकू नयेत. मग पोटाच्या वळणाला ठेपे. तेही फळीच्या नुसत्या अंगावर टेकवायचे नाहीत, जेथे आत वांक आहे तेथेच. काठाची जमीन मऊ, म्हणून प्रत्येक ठेप्याच्या पायाखाली रुंद फळी आणि फळीवर दोन पाचरी, एकमेकींवर उलट्या सरकविलेल्या. दोन्हींवर सारखा ठोका दिला की ठेपा वर चढतो, पण तिरपा होत नाही. इतके झाल्यावर वांक काढायचे, तेही तीनांतला एक. तो नवा बसला की मग दुसरा. आणि रोज संध्याकाळी तांडेलआजा हातात खुंटी घेऊन एकेका ठेप्यावर टकटक करीत मचव्याभोवती फेरी घालीत. “घट ठेपो बोलता, ढिलो ठेपो खोकता,” असे ते म्हणत. मला दोन्ही आवाज सारखेच वाटत.

पंधरा दिवसांनी तांडेलआजांना हिवताप आला आणि ते आठ दिवस अंथरुणाला खिळले. नारळी पौर्णिमा तोंडावर येत चाललेली. सुताराने उरलेले सगळे वांक एकदम काढून टाकले. त्याच आठवड्यात पाऊस कोसळला. आणि त्याच आठवड्यात मी मागच्या डाव्या ठेप्याखालची एक पाचर काढून नेली.

पाचर फणसाच्या लाकडाची, पिवळी, गुळगुळीत होती. एका टोकाला निमुळती, म्हणजे आयती होडीच. तिला झावळीच्या हिराची डोलकाठी लावून मी परसातल्या पऱ्यात सोडली. ती थेट खाडीपर्यंत वाहत गेली.

मचवा त्या कोपऱ्यात चार बोटे बसला. सुताराने नवे वांक बसलेल्या आकाराबरहुकूम घडविले. पौर्णिमेनंतर मचवा पाण्यात गेला तो कायमचा वाकडा होऊन. सुकाणू सरळ धरले तरी डावीकडे ओढी आणि पोटाच्या वळणावर फळ्यांच्या फटींतून सारखे पाणी घेई. १९६४ साली आजोबांनी तो मिळेल त्या किमतीला काढला. सुतार म्हणे, जमीन खचली. आजोबा म्हणत, सुताराने घात केला. पंचक्रोशीत त्या माणसाला पुन्हा काम मिळाले नाही. मी काही बोललो नाही.

असो. पुढे मुंबईस नोकरीला आलो आणि जहाजबांधणीच्या इतिहासाचे वेड लागले. त्याचे मूळ त्या पाचरीत असावे, असे मला आता वाटते. त्या वाचनात एक गोष्ट वारंवार आढळली. जहाजे बांधली कशी, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बांधलेल्या जहाजाचा तळ बदलताना ते उभे कसे धरले, यावर फार थोडे. वस्तुतः दुसरे काम पहिल्याहून अवघड. नवे जहाज तळापासून वर चढत जाते. त्याचे वजन जसे वाढते तसा त्याचा आधारही वाढत जातो. जुन्या जहाजाचे सारे वजन वर असते आणि काढायचा असतो तो नेमका तळ.

फार पूर्वी याला एकच तोड होती. भरतीला जहाज उथळ किनाऱ्यावर घ्यायचे, ओहोटीला ते एका कुशीवर कलते करायचे, आणि पुन्हा भरती येण्यापूर्वी जेवढे उरकेल तेवढे उरकायचे. उधाणाच्या भरतीला मोठे जहाज वर चढते. ती संधी गेली तर पुढच्या पुनवेची किंवा अवसेची वाट पाहायची. तळ घासण्यापुरते हे ठीक होते, पण कुशीवर निजविलेल्या जहाजाचे वांक एकाच अंगावर सगळा भार घेतात. त्या स्थितीत तळ उघडणे म्हणजे त्याला मोडायला निमंत्रण. म्हणून दर्यावर्दी राष्ट्रांना गोदीची गरज भासली. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही पाहता येते. ती तीनशे फुटांहून लांब आहे. आमच्या गावाहून ती फार दूर नाही, तरी लहानपणी तिचे नाव मला कोणी सांगितले नव्हते.

मुंबईच्या गोदीची कथा मात्र पुष्कळांना ठाऊक आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले. १७५० साली येथे कोरडी गोदी तयार झाली. आशिया खंडातली या प्रकारची ती पहिली म्हणून गणली जाते. तिला लागून दुसरी १७६२ साली आणि तिसरी १७६५ साली झाली. फोर्टातल्या लायन गेटच्या आत, आरमाराच्या हद्दीत त्या आहेत. मुंबईच्या भरती-ओहोटीचा फरक मोठा. भरतीला दार उघडून जहाज आत घ्यायचे, ओहोटीबरोबर पाणी बाहेर जाऊ द्यायचे, दार लावायचे. मग जहाज ठोकळ्यांवर सरळ उभे राहते आणि कारागिरांना दिवसाचे घड्याळ मिळते, समुद्राचे नव्हे. मुंबईच्या नावलौकिकात सागवानाचा वाटा मोठा, हे खरेच. सागाच्या अंगात तेल असते, त्यामुळे तो सहसा कुजत नाही. आणि विलायती ओकच्या अंगातल्या आम्लाने खिळे जसे खाल्ले जातात तसे सागात खाल्ले जात नाहीत. पण चांगल्या लाकडाला चांगली गोदी मिळाली नसती तर वाडियांची कीर्ती एवढी पसरली नसती, असे माझे मत आहे.

तरीही गोदीने एक अडचण सोडविली आणि दुसरी उभी केली. जहाज पठाणावर उभे राहिले, म्हणजे सारे वजन पठाणावर आले. आता दुरुस्ती पठाणालाच करायची असेल तर? ज्या ठोकळ्यावर जहाज टेकले आहे तो ठोकळा काढल्याशिवाय खालचे लाकूड हाती लागत नाही, आणि ठोकळा तर हजारो मणांखाली दबलेला. इंग्रजांच्या गोद्यांत याला एकच उपाय होता. दोन्ही बाजूंच्या ठेप्यांखाली पाचरी ठोकून अख्खे जहाजच वर उचलायचे. एका वेळी शेकडो माणसे घण घेऊन उभी राहत आणि इशाऱ्यासरशी ठोके घालीत. एका बाजूचा ठोका कमी पडला की जहाज पिळवटे.

१८०० साली प्लिमथच्या गोदीतला रॉबर्ट सेपिंग्ज नावाचा जहाजकारागीर या प्रश्नाच्या मुळाशी गेला. जहाज उचलायचे कशाला? ठोकळाच असा करावा की तो खालून सोडविता यावा. त्याने प्रत्येक ठोकळ्याचे तीन तुकडे केले. वरचा तुकडा खालच्या अंगाने किंचित पाचरीसारखा, आणि त्याच्याखाली दोन बाजूंनी सरकविलेल्या दोन पाचरी. दोन्ही बाजूंनी धक्का देऊन त्या पाचरी बाहेर काढल्या की वरचा तुकडा खाली येतो आणि पठाण मोकळे होते. जहाज आपल्या जागी, बाजूच्या ठेप्यांवर तसेच लटकलेले राहते. काम झाले की पाचरी पुन्हा आत. जेथे शेकडो हात लागत तेथे वीस माणसे पुरू लागली. आरमाराने त्याला हजार पौंडांचे बक्षीस दिले. हाच सेपिंग्ज पुढे इंग्रजी आरमाराचा सर्व्हेअर झाला, जहाजांच्या पोटात तिरपे वासे बसविण्याची त्याची पद्धत गाजली, आणि १८१८ साली रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. इतिहासात त्याचे नाव त्या तिरप्या वाशांसाठी आहे. माझ्या लेखी मात्र त्याची थोरवी दोन पाचरींत आहे. पण याबाबतीत मी निःपक्षपाती नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तिरप्या वाशांचा विषय निघालाच आहे, तर त्यात मुंबईचा एक धागा गुंतलेला आहे, तो सांगतो. पाण्यात असलेले जहाजदेखील सर्वत्र सारखे धरलेले नसते. मधले पोट रुंद, तेथे पाणी भरपूर उचलते. टोके निमुळती, तेथे वजन जास्त आणि उचल कमी. वर्षानुवर्षे टोके खाली लवत जातात आणि कण्याला मध्ये कुबड येते. तांडेलआजांचे म्हणणे एवढ्यापुरते दुरुस्त केले पाहिजे.

१८१२ च्या अखेरीस ‘जावा’ नावाची इंग्रजी लढाऊ नौका मुंबईकडे निघाली होती. मुंबईत तेव्हा ‘कॉर्नवॉलिस’ हे मोठे जहाज बांधले जात होते. त्याच्या तळाला मढविण्याचे तांबे आणि ‘त्रिंकोमाली’ या नव्या जहाजाचे नकाशे ‘जावा’वर होते. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने तिला गाठले आणि लढाईत निकामी करून जाळून टाकले. ‘कॉन्स्टिट्यूशन’चे स्वतःचे सुकाणूचक्र लढाईत उडाले होते, म्हणून तिने ‘जावा’चे उचलून नेले. नकाशे पुन्हा पाठवावे लागले, आणि ‘त्रिंकोमाली’ मुंबईत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली १८१६ साली सुरू होऊन १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात गेली. ती आज इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे आणि तिचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे, मुंबईत घातलेले आहे.

‘कॉन्स्टिट्यूशन’ही बोस्टनला अजून तरंगते. तिचा आराखडा करणाऱ्या जोशुआ हम्फ्रीजने सेपिंग्जच्याही आधी तिच्या पोटात तिरपे वासे घातले होते. पुढच्या पिढ्यांतल्या दुरुस्त्यांत ते वासे काढून टाकण्यात आले. ज्यांनी काढले त्यांना ती अडगळ वाटली असावी. १९९२ साली जहाज कोरड्या गोदीत घेतले तेव्हा कण्याला तेरा इंचांचे कुबड होते. गोदीही तीच, जिच्यात १८३३ साली ते जहाज प्रथम आले होते. आता तेरा इंच सरळ करायचे कसे? जोराने ओढले असते तर जुनी लाकडे तडकली असती. ठोकळ्यांवर उभे करून त्या जहाजाला स्वतःच्या वजनानेच बसू दिले. जे वजन पाण्यात कण्याला वाकवीत होते तेच गोदीत त्याला सरळ करीत गेले. मग हम्फ्रीजचे तिरपे वासे पुन्हा आत बसविले. १९९७ साली ते जहाज स्वतःच्या शिडांवर चालले, एकशे सोळा वर्षांनंतर प्रथमच.

‘व्हिक्टरी’ची गत याच्या उलट झाली. दीडशे वर्षांहून अधिक काळ पाण्यात काढून १९२२ साली ते गोदीत आले तेव्हा कुजून बुडण्याच्या बेतात होते. १९२५ मध्ये आधार नीट बसविण्यासाठी एकदाच ते पुन्हा तरंगविले. मग कायमचे गोदीत. पठाणाखाली ठोकळे आणि पोटाखाली बावीस पोलादी पाळणे. १९४१ साली गोदीत बॉम्ब पडला आणि त्यातला एक पाळणा उद्ध्वस्त झाला, तरी जहाज उभे राहिले. त्यामुळे आधार भक्कम आहे, असाच सर्वांचा समज दृढ झाला असेल. पण बावीस जागी धरणे म्हणजे मधल्या सर्व जागी न धरणे. पावसाचे पाणी वरून झिरपून लाकूड मऊ करीत होते आणि दोन पाळण्यांमधले पोट दर वर्षी थोडेथोडे खाली येत होते. २०१४ च्या सुमारास लेसर किरणांनी अब्जावधी बिंदूंची मोजणी करून जहाजाचा नकाशा काढला, तेव्हा हे उघड झाले. जवळजवळ शतकभर ज्याने जहाज वाचविले म्हणून समजत होते तो आधारच त्याला वाकवीत होता.

तेव्हा त्यांनी काय केले? तांडेलआजांनी सांगितले तेच. आधी पाणी केले. समुद्रात असताना जहाजाच्या पोटावर कोठे किती दाब येत असे, याचे गणित मांडले आणि त्याबरहुकूम १३४ ठेपे उभे केले. प्रत्येक ठेपा लांबआखूड होतो. प्रत्येकात वजन मोजण्याचे यंत्र आहे. जुन्या पाळण्यांवरचा भार हळूहळू नव्या ठेप्यांवर घेतला. हे काम २०२० साली पुरे झाल्यावर, २०२२ पासून बाहेरच्या कुजक्या फळ्या काढून नवा ओक घालण्याचे मोठे काम सुरू झाले. तळ मागाहून.

त्या गोदीच्या तळाशी उभा राहून मी एक हिशेब केला, जो साठ वर्षे टाळला होता. दोन उलट्या पाचरींतली एक काढली तर दुसरी लगेच पडत नाही. ठेपा उभाच दिसतो, पण तो भार घेत नाही. त्याचा भार शेजारच्या दोन ठेप्यांवर जातो. शेजारचे ठेपे मऊ जमिनीवर, वरून पाऊस, आतले वांक काढलेले. सुताराची चूक होतीच. सगळे वांक एकदम काढायला नको होते. जमीनही खचली असेल. चार बोटांतली किती बोटे जमिनीची, किती सुताराची आणि किती माझी, हे त्या वेळी मोजणारे यंत्र आमच्या काठावर एकच होते, आणि ते तापाने फणफणत पडले होते. तांडेलआजा अंथरुणावरून उठून पहिल्या संध्याकाळी फेरीला निघाले, तेव्हा मागच्या डाव्या ठेप्यापाशी थांबले होते. त्यांनी खुंटीने दोनदा टकटक केले, खाली वाकून हाताने चाचपले आणि एकच पाचर हाताला लागल्यावर माझ्याकडे पाहिले. मोतीबिंदूतून त्यांना काय दिसले असेल कोण जाणे. त्यांनी कमरेची सुरी काढून ढलपीची नवी पाचर केली, ठोकून बसविली आणि पुढच्या ठेप्याकडे गेले. तोवर वांक बसून चुकले होते. आजोबांनी सुताराला बोल लावला तेव्हा ते तेथेच बसले होते, आणि तेही काही बोलले नाहीत.

सुतार आता नाही. त्याचा मुलगा मालवणला होता, असे ऐकले होते. मी दोनदा मालवणला गेलो, दोन्ही वेळा त्याच्या दारापर्यंत गेलो नाही.

मुलगी वरून हाका मारीत होती. पहारेकरी पलीकडे एका शाळेच्या पोरांना काही समजावीत होता. ठेप्यांना हात लावू नये, असे बहुधा तेथे लिहिलेले असेल. मी वाचले नाही. जवळच्या ठेप्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केले आणि कान लावला. पोलाद होते. बोलले की खोकले, मला कळले नाही.